नळ आराखड्यात, उगम आराखड्याबाहेर

पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांचे रक्षण आराखड्यांतून कितपत होते? चिचगडच्या डोंगरांतून निघणाऱ्या बाघ नदीच्या निमित्ताने घेतलेला वेध

चिचगड (जि. गोंदिया), प्रतिनिधी - गोंदिया शहराला वैनगंगेवरील डांगोर्ली येथून पाणी मिळते. २०१८ च्या उन्हाळ्यात तेथील नदीपात्र कोरडे पडले, तेव्हा शहराची तहान भागविण्यासाठी पुजारीटोला धरणाचे पाणी कालव्यातून सोडावे लागले. ज्या बाघ नदीवर हे धरण आहे, ती जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, देवरी तालुक्यातील चिचगडच्या डोंगरांत उगम पावते. शहरातील नळ आणि जंगलातील उगम यांचे नाते त्या उन्हाळ्याने उघड केले. हे नाते विकासाच्या आराखड्यांत कितपत उमटते, हा आजही कळीचा प्रश्न आहे.

जलवाहिनी कोणत्या रस्त्याने जाणार, टाकी कोठे उभी राहणार, दरडोई किती लिटर पाणी मिळणार, याचा हिशेब आराखड्यांत तपशीलवार असतो. ज्या जमिनीवर पडलेला पाऊस मुरून किंवा वाहून त्या टाकीपर्यंत पोहोचतो, त्या जमिनीचे काय करावयाचे, याविषयी मात्र बहुतेक आराखडे मौन बाळगतात. पाणीपुरवठ्याची योजना आणि पाण्याच्या स्रोताचे संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली झाली म्हणजे दुसरी आपोआप झाली, हा समज महागात पडू शकतो.

डोंगर ते नळ

चिचगड हे ब्रिटिश काळात भंडारा जिल्ह्यातील एका जमीनदारीचे मुख्य ठिकाण होते. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला आणि हा परिसर नव्या जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आला. दक्षिणेला गडचिरोली जिल्हा, पूर्वेला छत्तीसगड, भोवती जंगल आणि मधूनमधून धानाची शेती, असा हा मुलूख आहे.

येथून निघणारी बाघ उत्तरेकडे वाहते. तिचे पाणी आधी सिरपूर धरणात साठते, तेथून ते पुजारीटोला धरणात सोडले जाते आणि पुढे कालव्यांतून शेतीला मिळते. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांचा हा संयुक्त प्रकल्प मुळात सिंचनासाठी उभारण्यात आला. टंचाईच्या काळात तोच शहराच्या पिण्याच्या पाण्याचा आधार ठरला. म्हणजेच चिचगडच्या डोंगरउतारावर झाडोरा राहतो की जातो, माती धरून राहते की धरणात वाहून येते, याचा संबंध अनेक कोस दूर असलेल्या नळाशी आहे. जंगलाची माती उघडी पडली की पहिल्याच पावसात ती ओढ्यांतून जलाशयात उतरते आणि साठवणक्षमता कायमची घटते. गाळ काढण्याचा खर्च पुढे सार्वजनिक तिजोरीतूनच होतो.

खुद्द चिचगड परिसरातील गावांचे पाणी याहून जवळचे आणि अधिक नाजूक आहे. विहिरी, हातपंप, विंधन विहिरींवरील नळयोजना आणि तलाव हेच येथील स्रोत आहेत.

भरपूर पाऊस, तरीही टंचाई

गोंदिया जिल्ह्यात वर्षाकाठी सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. मराठवाड्यातील किंवा पश्चिम महाराष्ट्राच्या पूर्व पट्ट्यातील वाचकाला हा आकडा हेवा वाटावा असा आहे. तरीही एप्रिल-मे महिन्यांत येथील हातपंप कोरडे पडतात. याचे उत्तर जमिनीच्या पोटात आहे. पूर्व विदर्भाच्या या भागात ग्रॅनाइट आणि नीस यांसारखे कठीण खडक आहेत. अशा खडकात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि त्याखालच्या भेगांत. हा साठा उथळ असतो. पावसाळ्यात तो लवकर भरतो आणि उपसा वाढला की तितक्याच लवकर रिकामा होतो.

उथळ साठ्याचा दुसरा दोष अधिक गंभीर आहे. भेगांतून जसे पाणी जलद उतरते, तशी घाणही जलद उतरते. विहिरीच्या वरच्या अंगाला असलेला उकिरडा, गुरांचा गोठा, शौचालयाचा शोषखड्डा किंवा धानाच्या बांधीतील खते आणि कीटकनाशके यांचा अंश पहिल्या मोठ्या पावसासोबत विहिरीत येऊ शकतो. त्यामुळे येथे स्रोताचे रक्षण म्हणजे पाण्याचे प्रमाण आणि पाण्याची शुद्धता या दोहोंचे रक्षण होय.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ हा राज्यातील नियोजनाचा मूळ कायदा. प्रादेशिक योजनेत कोणत्या बाबी असाव्यात, हे त्याच्या कलम १४ मध्ये दिले आहे. जमिनीच्या वापराची विभागणी, वने व नैसर्गिक संपत्तीचे जतन, जमिनीची धूप रोखणे, नद्या व तलावांच्या काठांची सुधारणा, पाणीपुरवठा आणि नदीप्रदूषणास प्रतिबंध या सर्व बाबी त्यात येतात. स्रोतांचे संरक्षण करण्यास कायद्याची आडकाठी नाही, उलट त्यासाठी पुरेशी जागा आहे, हे यावरून स्पष्ट होते.

अडचण आहे ती व्यवहारात. नगरपालिकेची विकास योजना नगरपालिकेच्या क्षेत्रापुरती असते. शहराचे पाणी मात्र बहुतेक वेळा त्या हद्दीबाहेरून येते. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे प्रादेशिक योजना. तिचा भर स्वाभाविकच निवासी, औद्योगिक आणि शेती विभागांवर व रस्त्यांच्या जाळ्यावर राहतो. नकाशावर नदी आणि तलाव निळ्या रंगाने दाखविले जातात. त्या निळ्या ठिपक्यात पाणी आणणारे पाणलोट क्षेत्र मात्र ‘शेती विभाग’ किंवा ‘वन’ एवढ्याच नावाने ओळखले जाते.

शेजारच्या जिल्ह्यात याचे परिणाम दिसतात. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून वैनगंगेत येते. गोसेखुर्द धरणाचा फुगवटा भंडारा शहरापर्यंत पोहोचतो आणि तेथील पिण्याच्या पाण्याच्या प्रदूषणाची तक्रार अनेक वर्षे कायम आहे. एका शहराच्या नियोजनातील उणीव दुसऱ्या शहराच्या नळातून बाहेर पडते, ती अशी. इचलकरंजीत २०१२ मध्ये पसरलेल्या काविळीच्या साथीने पंचगंगेच्या काठीही हाच धडा दिला होता.

आराखडे अनेक, पाणलोट एकच

चिचगडसारख्या परिसरात पाण्याशी संबंधित आराखड्यांची उणीव नाही. जिल्हा नियोजन समितीची वार्षिक योजना असते. वनविभागाची कार्य आयोजना असते. जलसंधारणाचे पाणलोट आराखडे असतात. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावाने कृती आराखडा करावयाचा असून दरडोई दररोज ५५ लिटर पाणी नळाने देण्याचे उद्दिष्ट आहे. शिवाय दरवर्षी जिल्हाधिकारी कार्यालयाकडून टंचाई कृती आराखडा तयार होतो.

यांतील शेवटचा आराखडा बारकाईने पाहण्याजोगा आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांत तो आखला जातो. नवीन विंधन विहिरी घेणे, विंधन विहिरींची व नळयोजनांची विशेष दुरुस्ती, तात्पुरत्या पूरक योजना, विहिरी खोल करणे व गाळ काढणे, खासगी विहिरींचे अधिग्रहण आणि टँकरने पुरवठा, असे त्यातील उपाय असतात. संकटकाळी ते आवश्यकच आहेत. मात्र यांतील जवळजवळ प्रत्येक उपाय जमिनीतून पाणी काढण्याचा किंवा दुसरीकडून आणण्याचा आहे. एक हातपंप कोरडा पडला म्हणून शेजारी दुसरी विंधन विहीर खोदली, तर भेगा त्याच आणि साठाही तोच राहतो.

जलजीवन मिशनच्या मार्गदर्शक सूचनांत स्रोतांच्या शाश्वततेचा समावेश आहे, ही जमेची बाजू. तथापि योजनेची प्रगती मोजली जाते ती किती घरांना नळजोडण्या दिल्या यावर. जे मोजले जाते त्याकडे यंत्रणेचे लक्ष जाते, हा प्रशासनाचा जुना अनुभव आहे. नळजोडणीचा आकडा वाढला आणि उद्भव विहीर फेब्रुवारीतच आटली, तर कागदावरील यश गावकऱ्यांच्या कामी येत नाही.

मामा तलावांचा धडा

गोंदिया-भंडाऱ्याची ओळख तलावांचा प्रदेश अशी आहे. माजी मालगुजारी तलाव, म्हणजेच बोलीतील ‘मामा तलाव’, पूर्व विदर्भात सहा हजारांहून अधिक आहेत. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी आणि अन्य जाणकारांनी उतार पाहून पाळ बांधली, पाणी सोडण्यासाठी तुडूम ठेवले आणि एका तलावाचा सांडवा दुसऱ्या तलावास मिळेल अशी साखळी साधली. धानाला पाणी, गुरांना पाणी, मासळी आणि पाळीखालच्या विहिरींना झिरपा, अशी चार कामे एकच तलाव करीत असे.

पन्नासच्या दशकाच्या आरंभी मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. आज १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमता असलेले तलाव जिल्हा परिषदेकडे, त्याहून मोठे राज्य शासनाकडे, मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेकडे, काठावरील जमीन महसूल खात्याकडे आणि वरच्या अंगाचे जंगल वनविभागाकडे, अशी विभागणी आहे. पाळीची दुरुस्ती करणारा विभाग पाणलोटातील अतिक्रमण हटवू शकत नाही. ज्याला ते अधिकार आहेत, त्याच्या कामाच्या यादीत तलाव नाही. परिणामी तलावांत गाळ साचतो, बेशरमाची झुडपे वाढतात, येव्याच्या वाटा शेतीखाली जातात आणि पाळीखालच्या विहिरींची पातळी घसरते.

आराखडा तपासताना म्हणूनच तलाव नोंदविला आहे का, एवढे पाहून भागत नाही. तलावात पाणी आणणारी जमीन कोणाच्या जबाबदारीत आहे, हेही पाहावे लागते.

५०० मीटरचे वर्तुळ

पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांसाठी राज्याने १९९३ मध्येच स्वतंत्र भूजल कायदा केला. सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीविना नवी विहीर घेण्यास त्याने मज्जाव केला. पुढे महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा व्यापक कायदा आला आणि १ जून २०१४ पासून तो अमलात आला. पुनर्भरणास योग्य क्षेत्रे निश्चित करणे, पाणलोटनिहाय समित्या नेमणे आणि शेती वा उद्योगासाठी ६० मीटर व त्याहून खोल विहिरी घेण्यास मनाई, अशा तरतुदी त्यात आहेत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने राज्याची सुमारे दीड हजार पाणलोट क्षेत्रांत विभागणी केली आहे. म्हणजे कायदा आहे आणि नकाशाही आहे.

तरीही ५०० मीटरचे वर्तुळ दोन कारणांनी अपुरे पडते. एक म्हणजे ते प्रामुख्याने स्पर्धक उपशाला रोखते, घाणीला रोखत नाही. दुसरे म्हणजे कठीण खडकातील भेगा वर्तुळाची मर्यादा जाणत नाहीत. एका दिशेला शंभर मीटरवरचा खड्डा निरुपद्रवी असू शकतो, तर दुसऱ्या दिशेला सहाशे मीटरवरचा ओढा थेट विहिरीला मिळू शकतो.

शुद्धतेची जबाबदारी गावपातळीवर येते. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पाण्यात ब्लिचिंग पावडर टाकतो. पावसाळ्यापूर्वी व नंतर स्रोतांची स्वच्छता पाहणी होऊन ग्रामपंचायतीला जोखमीनुसार लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. ही पद्धत साधी आणि सर्वांना समजणारी आहे. परंतु लाल कार्ड मिळाले म्हणून जमिनीच्या वापराच्या नकाशात बदल झाला, असे सहसा घडत नाही. आरोग्य विभागाचे कार्ड आणि नगररचना विभागाचा नकाशा एकमेकांना भेटतच नाहीत.

पाच प्रश्न, पाच कसोट्या

एखादा आराखडा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांचे रक्षण कितपत करतो, हे तपासण्यास तज्ज्ञच हवेत असे नाही. पुढील पाच प्रश्न विचारले तरी पुरेसा उलगडा होतो.

१. स्रोत आणि त्याचे पाणलोट क्षेत्र नकाशावर आहे का? केवळ विहिरीचा ठिपका पुरेसा नाही. पाणी जेथून येते ती हद्दही आखलेली हवी.

२. धोक्यांची यादी आहे का? खाण, वीटभट्टी, उकिरडा, शोषखड्डे, उघडे उतार, अतिउपसा यांपैकी त्या ठिकाणी काय आहे, याची नोंद हवी.

३. नियम बंधनकारक आहेत का? ‘प्रयत्न करण्यात येईल’ हे आश्वासन झाले. ‘परवानगी देण्यात येणार नाही’ हा नियम झाला.

४. जबाबदार कोण आणि पैसा कोठून? अधिकाऱ्याचे पद आणि निधीचे लेखाशीर्ष लिहिलेले नसेल, तर काम कोणाचेच नसते.

५. फेरतपासणी कधी? विहिरीची पातळी आणि पाण्याचे नमुने दरवर्षी तपासून आराखड्यात दुरुस्ती होते का?

पाणीपुरवठ्याचे आराखडे पहिल्या प्रश्नात अर्धे गुण मिळवितात, कारण स्रोताची नोंद असते. चौथ्या प्रश्नात बांधकामापुरते पूर्ण गुण मिळतात. दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या प्रश्नांशी मात्र ते अडखळतात.

नियम येतात, नियम जातात

बंधनकारक नियम किती टिकतात, हाही प्रश्न आहेच. महाराष्ट्राने २००० मध्ये नदी नियमन क्षेत्र धोरण आणले. नदीच्या पाण्याच्या वापरानुसार वर्गवारी करून प्रदूषणकारी उद्योगांनी पात्रापासून किती अंतर राखावे, हे त्यात ठरविले होते. २००९ मध्ये ते सुधारले गेले आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये रद्द करण्यात आले. पाण्याच्या उगमाकडील भागाला सर्वाधिक संरक्षण देणारी ती चौकट त्यासोबत गेली.

गोव्याचा अनुभवही बोलका आहे. जनआंदोलनानंतर तेथील प्रादेशिक आराखडा २०११ हा २००७ मध्ये रद्द झाला. त्यानंतरच्या आराखडा २०२१ मध्ये वने, जलाशय, खाजन जमिनी आदींना संवेदनशील विभागांत स्थान मिळाले. पुढे २०२३ मध्ये नगरनियोजन कायद्यात कलम १७(२) घालून आराखड्यातील ‘चुका’ दुरुस्त करण्याच्या नावाखाली जमिनींचे विभाग बदलण्याची वाट खुली झाली. त्यासाठीचे नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द ठरविले. उत्तम नकाशा असूनही फेरफाराचे दार उघडे राहिले, तर एकेका भूखंडागणिक संरक्षण झिजत जाते.

परदेशांत यावर उपाय शोधले गेले आहेत. जर्मनीत पिण्याच्या पाण्याच्या विहिरीभोवती तीन कक्षा आखतात. पहिली विहिरीलगतची, किमान दहा मीटरची. दुसरी, जेथून भूजल विहिरीपर्यंत पोहोचण्यास ५० दिवस लागतात तेथपर्यंतची, कारण तेवढ्या अवधीत बहुतेक रोगजंतू नष्ट होतात. तिसरी उरलेल्या पाणलोटाची. येथे अंतर मीटरने न मोजता पाण्याच्या प्रवासाच्या दिवसांनी मोजले जाते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

कॅनडातील ओंटारिओ प्रांताला हे शहाणपण दुर्घटनेनंतर आले. मे २००० मध्ये वॉकर्टन या छोट्या गावात जोरदार पावसानंतर शेणखताचे जंतू एका उथळ विहिरीत उतरले. सात जणांचा मृत्यू झाला आणि दोन हजारांहून अधिक लोक आजारी पडले. ती विहीरही भेगाळ खडकातील पाण्यावर होती. त्यानंतर २००६ च्या कायद्याने पाणलोटनिहाय स्रोत संरक्षण आराखडे आले आणि स्थानिक संस्थांचे जमीनवापराचे निर्णय त्यांच्याशी सुसंगत असणे बंधनकारक झाले.

ओझे कोणावर?

संरक्षणाच्या चर्चेत एक बाजू नेहमी मागे राहते. उगमाकडच्या गावांवर निर्बंध आणि प्रवाहाच्या खालच्या शहराला पाणी, अशी विभागणी झाली तर ती न्याय्य नाही आणि टिकणारही नाही. चिचगड परिसरात आदिवासी व अल्पभूधारक कुटुंबांचे जीवन जंगल आणि धानशेती यांवर चालते. न्यूयॉर्क शहराने १९९७ मध्ये कॅट्स्किल डोंगरातील गावांशी करार करून स्रोताच्या रक्षणासाठी तेथील शेतकऱ्यांना आणि गावांना निधी दिला. पाणी शुद्ध करण्याचा प्रचंड मोठा प्रकल्प उभारण्यापेक्षा ते शहराला स्वस्त पडले.

आपल्याकडे त्यासाठी कायदेशीर आधार आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ५ ने ग्रामसभेला आपल्या परिसरातील पाणलोट क्षेत्रे आणि जलस्रोत यांचे पुरेसे रक्षण होईल हे पाहण्याचा अधिकार दिला आहे. देवरी तालुक्यातील अनेक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत. या ग्रामसभांनी केलेले वनव्यवस्थापनाचे आराखडे जिल्ह्याच्या पाणी आराखड्याला जोडले गेले, तर उगमाकडचा समाज निर्बंधांचा धनी न राहता संरक्षणाचा भागीदार होईल.

यासाठी नव्या महामंडळाची गरज नाही. भूजल यंत्रणेकडील पाणलोटाचे नकाशे, आरोग्य विभागाची लाल-पिवळी कार्डे, जिल्हा परिषदेची तलावांची नोंदवही आणि ग्रामसभांचे वनआराखडे हे चार कागद एकाच टेबलावर आणणे, ही पहिली पायरी होय. त्यांतून प्रत्येक सार्वजनिक स्रोताची पाणलोट हद्द जमीनवापराच्या नकाशावर चढविणे आणि त्या हद्दीतील बिगरशेती, खाणकाम वा खोल विंधन विहिरींच्या परवानगीपूर्वी पाणीपुरवठा विभागाचा अभिप्राय सक्तीचा करणे, ही दुसरी. जिल्हा नियोजन समितीत शहर आणि गाव दोहोंचे प्रतिनिधी बसतात. हा विषय तेथे मांडता येतो.

चिचगडच्या डोंगरावर यंदा पडणारा पाऊस कोणत्या विहिरीत, कोणत्या तलावात आणि अखेर कोणत्या शहराच्या टाकीत जाणार, हे पाण्याने कधीच ठरविले आहे. जिल्ह्याच्या आराखड्यात ती वाट आखली जाणे तेवढे बाकी आहे.